टाळ्या कोणी वाजवल्या

डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागो
९ मार्च २०२५

प्रिय देवू,

तुझी कंबर कशी आहे? बेलव्ह्यूच्या ओल्या हवेत ती धरतेच. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकत जा, त्या जेलच्या पिशवीने काही होत नाही. रवीरावांचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? मीठ कमी केलंय की अजून पापड पुढ्यात घेऊनच बसतात? विहीणबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना वाकू देऊ नकोस. अनिकाच्या दातांच्या तारा निघाल्या का? तारा असताना ती हसायची नाही, तेवढ्यासाठी विचारते.

माझे गुडघे कुरकुरतात पण पायऱ्या चढवतात. परीक्षितची तब्येत तू विचारणार नाहीस, तरी लिहिते.

तो उभ्याने जेवतो. फ्रिज घुरघुरायला लागला की प्लग काढतो. दूध नासतं, मग मी पनीर करते. इतकं पनीर झालंय की खालच्या साडीच्या दुकानातल्या बायका मला पाहून म्हणतात, मावशी, आज नको. स्वयंपाकघरातला दिवा त्याला सोसत नाही, म्हणून मी खिडकीच्या उजेडात फोडणी करते. परवा ढगाळ होतं. म्हणाला, "आई, तू लाव दिवा, मी बाहेर बसतो," आणि तसल्या थंडीत जिन्यात जाऊन बसला. वरच्या मजल्यावरचा देवांग त्याला ओलांडून गेला. पोराने विचारलं, "यू ओके, काका?" हा म्हणाला, "आय ॲम फाइन," आणि तासाभराने निळ्या ओठांनी आत आला.

तू फोन उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर खुणा निळ्या होतात आणि पुढे काही नाही. म्हणून पोस्टाने लिहितेय. मराठी वाचायला तुला मीच शिकवलं, तेवढा तरी उपयोग होऊ दे. दिवाळीत तू म्हणालीस, "आई, तुला मुलगा हवाय की साक्षीदार?" आणि फोन ठेवून दिलास. रागात माणूस अर्धंच ऐकतो, म्हणून सगळं पहिल्यापासून मांडते.

सनीव्हेलची नोकरी गेल्यावर परीक्षित घरी बसला होता. मंडळाच्या पिकनिकला शेगडीवर कणसं भाजता भाजता गिरीशने त्याला काम देऊ केलं. गिरीश त्या कंत्राटी कंपनीत वरचा साहेब. सैन्याला लागेल ते पुरवायचं, पहारा, जेवण, वीज, आणि कैदी ठेवायच्या जागा सुद्धा. परीक्षित कॅमेरे आणि वायरिंग बघायला वाळवंटातल्या त्या साइटवर गेला. तिथे कोठड्यांमधले दिवे आणि भोंगे त्याच्या हाताखाली आले. दिवे कधी विझवायचे नाहीत, भोंगे कधी थांबवायचे नाहीत, माणसाला झोप लागू द्यायची नाही, असा वरून हुकूम. याने बटण दाबलं. रोज दाबलं. त्यातला एक म्हातारा कैदी मेला. हे सगळं त्याने मला ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी तुलाही फोनवर सांगितलं.

आणि त्या वर्षीच्या गणपतीचं तर तुला माहीतच आहे. फोन नेऊ देत नसत, तरी याने लपवून नेला. कणकेचा गणपती केला. आपल्याकडचा एक आचारी, एक गोदामवाला आणि हा, तिघांनी एका कंटेनरला टेकून आरती केली आणि व्हिडिओ तुला पाठवला. तू तेव्हा इथे होतीस. मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर तूच तो लावलास. गिरीश पाहुणा होता. त्याने तुझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "ही आमची साइट, हा आमचा मुलगा. पुन्हा लावा." तू पुन्हा लावलास. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. दुसऱ्या दिवशी कंपनीतून परीक्षितला फोन, तो व्हिडिओ पूस. याने त्याच्याकडचा पुसला.

आता गिरीशला सरकारात मोठं पद द्यायचं ठरतंय. सिनेटची एक कमिटी आधी त्याला प्रश्न विचारणार. परीक्षितने आपणहून कमिटीच्या माणसांना जाऊन सगळं सांगितलं. कंपनी म्हणते, अशी साइट नव्हतीच. हा दुसऱ्याच देशात आमच्या गोदामात होता, डोकं बिघडलं म्हणून काढला.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं गं. जो तिथे नव्हताच त्याला शिक्षा कोण करणार? सुंठीवाचून खोकला गेला. व्हिडिओ तुझ्याकडे आहे आणि तू तो दाबून ठेवलास तो भावासाठी, हे मी जाणते. रवीरावांच्या कंपनीचंही सरकारी काम असतं, तेही जाणते. पण देवू, जे याने केलं ते झालंच नाही असं सगळं जग सांगतंय. मग याने ते ठेवायचं कुठे? घरातच ठेवतोय. फ्रिजमध्ये, जिन्यात.

तो व्हिडिओ पाठव. आणि गिरीशने माइक घेतला होता, एवढं तुझ्या शब्दांत लिही.

आई


३१ मार्च

देवू,

काल पाडव्याचा कार्यक्रम झाला. गुढी हॉलच्या आतच उभारली, बाहेर वारा फार होता. श्रीखंड विकतचं, त्यात वेलची नावाला. गिरीशचा सत्कार होता. शाल, श्रीफळ, आणि पडद्यावर त्याचा फोटो. आसावरी आता मंडळाची अध्यक्ष. तिने भाषणात म्हटलं, आपल्या माणसाला इतकं मोठं पद मिळतंय, ही प्रत्येक मराठी घराला अभिमानाची गोष्ट आहे. लोक उभे राहिले. मला गुडघ्यांमुळे पटकन उभं राहता येत नाही, हे एक बरं.

जेवणाच्या वेळी मी एकेका टेबलाशी गेले. पहिले गाठले पुरुषोत्तम डॉक्टर.

"डॉक्टर, त्या वर्षी परीक्षितचा व्हिडिओ लावला होता, आठवतं ना?"

"सुमित्राबाई, त्या वेळी मी नेमका चहाच्या रांगेत होतो."

"दोन्ही वेळा?"

"आपल्या मंडळाचा चहा. रांग हलते कुठे?"

टेबल हसलं. पुढच्या टेबलावर विचारलं, तेही चहाच्या रांगेत. त्याच्या पुढचे गाडी पार्क करत होते. एक बाई म्हणाली, त्या वर्षी आम्ही आलोच नव्हतो. तिच्या मुलीने त्याच दिवशी नाच केला होता, वेणी मी घातली होती. मी म्हटलं, दोनशे माणसं चहाच्या रांगेत आणि हॉलमध्ये कोणीच नाही, मग टाळ्या कोणी वाजवल्या? सगळे श्रीखंडाच्या वाट्या खरवडायला लागले.

आसावरीने मला बाजूला घेतलं. "काकू, प्लीज. आज नको. मंडळात पॉलिटिक्स आणायचं नाही असं ठरलंय आपलं."

"शाल कशाबद्दल दिली मग? अळूच्या वड्यांबद्दल?"

"मला खरंच आठवत नाही, काकू."

आणि ती माझ्याकडे न बघता पाण्याच्या बाटल्या सरळ लावत बसली. ती वाईट नाही. तिच्या मुलाला गिरीशने इंटर्नशिप दिली आहे.

मग गिरीश स्वतः आला. वाकून पाया पडला. आपले संस्कार विसरलेला नाही. "काकू, परीक्षितचं ऐकलं. फार वाईट वाटतं. माझ्या ओळखीत चांगला डॉक्टर आहे, मी बोलून ठेवतो."

मी म्हटलं, "डॉक्टर नको रे बाबा. तू त्याला ओळखतोस, तो तुझ्या साइटवर होता, एवढं म्हण."

तो हसला. अगदी मायेने हसला. "काकू, हजारो लोक होते माझ्याकडे. कोण कुठे होतं, हे मला कसं ठाऊक असणार?"

"कणसं भाजताना ठाऊक होतं."

त्याने माझा हात थोपटला आणि फोटो काढायला गेला. फोटोत मलाही उभं केलं होतं, पण मी श्रीखंडाची वाटी घ्यायच्या निमित्ताने निसटले.

परीक्षितने विचारलं, "कोणी काही म्हणालं का?" मी म्हटलं, हॉलमध्ये गर्दी होती, बोलता आलं नाही. खोटं बोलले. त्याला कळलं. मान हलवली आणि उभ्यानेच पुरी खाल्ली.

तू लिही गं. चार ओळी लिही.

आई


१२ एप्रिल

देवू,

तुझं उत्तर नाही. तरी हे पत्र लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

त्या साइटवर कैदेत होता असा एक माणूस इथे आलाय. इद्रीस त्याचं नाव, शाळेत भूगोल शिकवायचा. भलत्याच माणसाशी नाव जुळलं म्हणून उचलला आणि वर्षानंतर काही न सांगता सोडून दिला. त्याने कंपनीवर दावा लावलाय, त्याची बाजू एक वकीलबाई बघते. कंपनी त्यालाही तेच सांगते, अशी जागाच नव्हती, तू कुठे होतास ते आम्हाला माहीत नाही. त्याला तरी कुठे माहीत? डोळे बांधून नेला, डोळे बांधून आणला. पण त्याच्या डोक्यात एक चाल राहिली होती. वकीलबाईने ती कितीकांना ऐकवली, कोणाला ओळखता येईना. कमिटीकडून तिला परीक्षितचं नाव कळलं. तो म्हणाला, मी त्या माणसासमोर येत नाही, माझ्या आईला बोलवा.

डाउनटाउनला त्यांच्या ऑफिसात गेले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून शिरा नेला. इद्रीस उंच आहे, पण उंची लपवून बसल्यासारखा बसतो. खोलीचं दार उघडं ठेवायचं, अशी त्याची अट होती. शिरा पाहून इंग्रजीत म्हणाला, "माझी आईही रव्याचं गोड करते." मग चमचा खाली ठेवला आणि गुणगुणला.

तिसऱ्या सुरालाच मला कळलं. आपली आरती होती. सबंध. जिथे परीक्षित लहानपणापासून घाई करतो, तिथे तो माणूसही घाई करत होता.

गुणगुणताना तो टेबलावर तळहात आपटत होता. टाळीच्या तालात, मध्ये मध्ये. मी विचारलं, हे काय? म्हणाला, "हे मी. दारावर." तो कंटेनर म्हणजे याची कोठडी, आणि तिच्याच पत्र्याला टेकून आपली पोरं आरती करत होती. याने आतून दार वाजवलं.

देवू, तुला आठवत असेल, व्हिडिओत झांजेसारखा एक आवाज येतो. डॉक्टर हॉलमध्ये म्हणाले सुद्धा होते, वा, वाळवंटात झांज कुठून पैदा केली पोरांनी. आणि आपण सगळे त्या आवाजाबरोबर टाळ्या वाजवत होतो. मी पुढच्या रांगेत होते. मी सगळ्यांत जोरात वाजवत होते.

मी विचारलं, दार का वाजवलंस बाबा? म्हणाला, "बाहेर माणसं आनंदात होती. आनंदात असलेली माणसं दार उघडतील असं मला वाटलं."

मग त्याने विचारलं, तो कसला सण होता? कोणत्या देवाचा? मला विघ्नहर्ता हा शब्द तोंडातून काढता येईना. मी म्हटलं, आमच्या घरचा सण असतो एक. तो म्हणाला, "सगळ्यांत वरचा आवाज तुमच्या मुलाचा का?" मी हो म्हटलं. त्याने उघड्या दाराकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "आवाज चांगला आहे त्याचा." दुसरं काही बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला घरी येता आलं असतं. त्या वाक्यानंतर लिफ्टपर्यंत मला वकीलबाईने धरून नेलं.

परीक्षित खाली गाडीत होता. मी सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न देत होते. एरवी हॉर्न ऐकला की तो कान झाकतो, काल झाकले नाहीत.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला आता देता येतं. मला मुलगाच हवाय. पण तो साक्षीदार झाल्याशिवाय परत येत नाहीये, हे मी डोळ्यांनी बघतेय. आणि एकट्या इद्रीसच्या गुणगुणण्यावर कोण विश्वास ठेवणार? चाल कुठेही ऐकता येते म्हणतील. व्हिडिओत त्याचा तो आवाज आहे. दुसरा पुरावा त्याच्याजवळ नाही. तुझ्या फोनमध्ये फक्त आपला परीक्षित नाही, तो माणूसही आहे. त्याला तिथे किती दिवस ठेवणार आहेस?

आई


२० एप्रिल

देवू,

व्हिडिओ मिळाला. खाली एक शब्द नाही, तरी मिळाला. माझ्या लेकी, मी इथूनच तुझी दृष्ट काढली.

वकीलबाईने तो कमिटीकडे दिला. परीक्षितने तिच्या ऑफिसात पाहिला. मला वाटलं कोसळेल. तो खुर्चीवर बसला, शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाला, "हो. हा मीच." घरी येऊन पिठलं-भाकरी मागितली आणि बसून जेवला.

गुरुवारी गिरीशला प्रश्न विचारणार आहेत.

आई


६ मे

देवू,

तू टीव्हीवर पाहिलंच असशील. तरी माझ्या तोंडून ऐक.

त्या गुरुवारी आम्ही दोघं सोफ्यावर बसून बघत होतो. कमिटीतल्या एका बाईने व्हिडिओ लावला. गिरीशने पूर्ण पाहिला, चष्मा काढला, डोळे पुसले. म्हणाला, हे पाहून मला धक्का बसलाय. अशी जागा होती असं आता दिसतंय, पण ती चालवण्याचे हुकूम आमचे नव्हते. आमच्या एखाद्या टेक्निशियनने स्वतःच्या मनाने मर्यादा ओलांडली असेल, तर कंपनी चौकशीला पूर्ण मदत करेल. बाईने विचारलं, "हा व्हिडिओ तुम्ही यापूर्वी पाहिला होता का?" तो म्हणाला, "नाही मॅडम. आज पहिल्यांदाच." शपथेवर म्हणाला. तुझ्या हातातला माइक घेऊन 'पुन्हा लावा' म्हणालेला माणूस.

परीक्षित एवढंच म्हणाला, "आई, त्याने माझं नाव सुद्धा घेतलं नाही."

तरी कमिटीने गिरीशचं नाव मंजूर करून पुढे पाठवलं. आता सगळ्या सिनेटचं मत व्हायचंय, पुढच्या आठवड्यात. आणि परीक्षितला काल सकाळी घेऊन गेले. दोघंजण आले होते, नीट बोलले. हा तयारच होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला म्हणाला, "गॅस बंद कर, दूध उतू जाईल." त्याच्यावर म्हाताऱ्या कैद्याच्या मरणाचा खटला आहे. एकट्यावर. हुकूम कोणी दिला, साइट कोणी चालवली, पैसे कोणी घेतले, यातलं एकही नाव त्या कागदात नाही. इद्रीसचा दावाही अडलाय. कंपनी म्हणते, त्या टेक्निशियनला विचारा.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आपला काही संन्यासी नाही. तोही चोरच, पण धाकटा. त्याच्या वाटची शिक्षा त्याने भोगावी, मी आड येणार नाही. पण थोरला चोर शाल पांघरून खुर्चीवर बसणार आणि उद्या अशाच दुसऱ्या जागांवर सही करणार, हे मला गिळवत नाही.

तुझं खरं ठरलं, देवू. तुला तीच भीती होती, व्हिडिओ दिला तर परीक्षितच अडकेल. अडकला. तू मला बोल, हवं ते बोल, मी ऐकून घेईन. पण तेच पुन्हा मागायची वेळ आली तर मी पुन्हा मागेन. हे तुझ्यापासून लपवत नाही.

आता अर्धं काम उरलंय, ते व्हिडिओने व्हायचं नाही. परीक्षित तिथे होता एवढं व्हिडिओने कळलं. गिरीशला ठाऊक होतं, हे फक्त हॉलमधली माणसं सांगू शकतात. काल दुपारी आसावरी आली. उंबऱ्यातच रडली. म्हणाली, "काकू, टीव्हीवर तो 'पहिल्यांदाच' म्हणाला ना, तेव्हा मी किचनमध्ये होते, माझ्या हातून कुकर पडला. मी पाहिलं होतं सगळं. मंडळाच्या नावाने नाही, माझ्या नावाने लिहून देते." तिचा मुलगा घरी भांडून बसलाय. तरी ती वकीलबाईकडे जाऊन आली. वकीलबाई म्हणाली, एकीचा शब्द ते सहज उडवतील, दुसरा कोणी पाहिजे. ज्याने व्हिडिओ लावला तो माणूस पाहिजे.

तो माणूस तू आहेस. दुसऱ्यांदा बटण तू दाबलंस, ते त्याने सांगितल्यावर. तुझ्याइतकं जवळ कोणी नव्हतं.

रवीरावांची नोकरी धोक्यात येईल. तुझं नाव पेपरात येईल. अनिकाला शाळेत विचारतील. मी हे सगळं जाणून तुझ्याकडे मागतेय. एक लेकरू आत गेलं आणि मी दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर ओढतेय. काय आई आहे ही, असं तुला वाटेल. मलाही वाटतं. दिवसातून दहादा उठते आणि परत बसते. तुझ्या बाबांना विचारलं असतं, पण ते सुटले.

परीक्षितचा फोन आला होता. तुझ्या कमरेचं विचारत होता. म्हणाला, "ताईला फोर्स करू नकोस." मी हो म्हटलं आणि हे लिहायला बसले.

साक्ष द्यायला येते म्हण, नाही येत म्हण. माझ्यावर रागावून लिही, काटून कुटून लिही, इंग्रजीत लिही, मी शब्दकोश घेऊन बसेन. सिनेटचं मत व्हायच्या आत लिही. फोन मात्र करू नकोस. बोललेलं आपल्या माणसांना आठवत नाही. कागदावर लिही, खाली तुझं नाव घाल, आणि लवकर पाठव.

तुझी,
आई